नीरो लागलेली बोटं

विनोदिनीनं माझ्या नवऱ्याचं, सगुणचं, मधलं बोट धरलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर उतरवून घेतला, आणि आम्ही तिघं काजूच्या सावलीत तिच्या मशीनकडे बघत बसलो. मशीन साबणाच्या वडीहून थोडं मोठं, तिच्या भावानं कुवेतहून आणलेलं; रक्तात साखर किती आहे ते आकड्यात सांगायचं. थेंब ठेवायचा, थांबायचं, पट्टी पुसायची, आत सरकवायची, पुन्हा थांबायचं. या थांबण्याच्या वेळात विनोदिनी बोट सोडत नसे. रक्त थांबावं म्हणून कापूस दाबून धरायची. रक्त थांबायला एवढा वेळ लागत नाही. मी शिवणकाम करते, माझ्या बोटात रोज सुई जाते, तेव्हा हे मला कुणी सांगायला नको.

"तीनशें बारा," ती म्हणाली.

सगुणनं तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, मशीनकडे नाही, तिच्याकडे. नापास झालेला मुलगा लाडक्या बाईंकडे बघतो तसं. तिनंही मान थोडी कलती केली, म्हणजे असू दे, होतं असं, मला माहीत आहे. एवढंच झालं. एवढंच रोज होत असणार, पेडण्याला तिच्या खोलीवर, हा कचेरीत जाण्याआधी तिथं वाकडी वाट करतो तेव्हा. पण रोज ते मी नसताना होत होतं. आज कोरगावच्या आमच्या बागेत, माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडाखाली, मी घरून आणलेल्या चटईवर झालं. मी म्हटलं, सकाळपासून काही गोड खाल्लेलं नाही यांनी, तीनशे कुठून येतील. विनोदिनी समजुतीच्या आवाजात म्हणाली की रक्तातलं आपल्याला वरून दिसत नाही, म्हणून तर मशीन. मग म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे, अडीचशेच्या वर गेली म्हणून, चार युनिट साधं इन्सुलिन जास्तीचं. थर्मासमधून बाटली मीच काढली, सुईत मीच भरलं, त्याच्या कमरेशी चिमूट धरून मीच टोचलं. आमच्यात ही वाटणी न बोलता ठरली होती. बोट तिचं, कंबर माझी. जेवताना त्याच्या पानातला अर्धा भात तिच्या सांगण्यावरून मी परत टोपात काढला. तो मुकाट्यानं उठला. माझ्या सांगण्यावरून अर्धा भात काढला असता तर अख्ख्या बागेला ऐकू गेलं असतं.

तिला इथं मीच बोलावलं होतं, हे सांगायला हवं. सगुणला वाटलं, पद्मा निवळली. मला वाटलं होतं, डोळ्यांसमोर असलेली बरी. चुलीवर दूध ठेवून बाहेर गेलं की मन दुधात राहतं. त्यापेक्षा समोर उभं राहावं, उतू गेलं तरी आपल्यादेखत जाईल. एप्रिलच्या त्या रविवारी काजूची बोंडं पडून बागेत तांबडा-पिवळा सडा झाला होता. आमचा चुलत दीर धाकू खडकातल्या खळग्यात, त्याला आम्ही कोळंबी म्हणतो, अनवाणी उभा राहून बोंडं तुडवत होता. खालून रस गळत होता. तो मडक्यात साठवून भट्टीवर न्यायचा. बोंडांचा चोथा दाबून ठेवला की शेवटी जो स्वच्छ रस थेंबथेंब येतो तो नीरो. पितळी रंगाचा, गोड, आणि गिळला की घशाला किंचित धरणारा. सगुणला कोळंबीत उतरायला डॉक्टरांची बंदी, पायाला जखम होईल म्हणून. तो बसून बोंडाची बी पिळून वेगळी करत होता. सकाळभर तेच. मीही तेच. विनोदिनी मात्र हातरुमाल पसरून बसली होती, नखं स्वच्छ, शाळेतल्या बाईला शोभावीत तशी.

मनात मी सगुणला अरे-तुरे करते, तोंडानं तुमी. लग्न होऊन आमची लेक सेजल चालायला लागली त्या सुमारास त्याला साखर निघाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. तेव्हा मला भीती होती ती साखर चढण्याची. चढलेली साखर मात्र फारशी दिसत नाही, ती आतल्या आत पोखरते. खरा धाक उतरण्याचा. पहिल्यांदा उतरली तेव्हा तो उंबऱ्यावर बसून चपलेचा जोड शोधत होता आणि दोन्ही चपला त्याच्या पायात होत्या. मी हसले. मग त्याच्या मानेला हात लावला तर मान गार, ओली, विहिरीच्या कठड्यासारखी. त्या दिवसापासून मी हसायचं सोडलं आणि बघायला शिकले. कुणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं ब्लाउज उसवून उसवून शिकले आणि नवराही तसाच. साखर उतरायला लागली की सगुण एक प्रश्न मागं पडायचा. चहा हवा का विचारलं तर गप्प. किल्ली कुठे विचारलं की म्हणायचा, बिनसाखरेचो. वरच्या ओठावर घाम, आणि वागण्यात एक विचित्र अदब. अंगाला वास यायचा, पावसाळ्यात पाटी पुसल्यावर येतो तसा. या वासाबद्दल मी कुणाला बोलले नाही. डॉक्टरांनाही नाही. तो खरंच येतो की माझ्या मनाचा, मला खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची इच्छाही नव्हती. भर झोपेत त्या वासानं मी उठायचे, त्याच्या ओठांशी साखरपाण्याचा कोप, म्हणजे पेला, धरायचे, तो पिऊन कूस बदलायचा. सकाळी त्याला काही आठवायचं नाही. मीही सांगायचे नाही. घरात एवढी एक गोष्ट माझ्या एकटीची होती: माझ्या नवऱ्याची अशी वेळ, जी त्यालाही माहीत नव्हती.

मग तो शुक्रवार. म्हापशाहून पेडण्याला येणाऱ्या बसमध्ये, बाजार करून निघालेल्या बायकांच्या टोपल्यांमध्ये एक टीचर उभी होती आणि कंडक्टरला नोटेऐवजी हातरुमाल देत होती. लोक हसले. सगुण उठला, तिला आपल्या जागेवर बसवलं, खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या तिला चघळायला दिल्या. त्या गोळ्या शर्टाला इस्त्री करताना मी त्याच्या खिशात घालायचे. माझ्या गोळ्यांवर ती शुद्धीत आली. घरी येऊन हे सगळं तो मला चुलीशी उभा राहून सांगत होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, जणू परीक्षेत त्याला येणारा एकमेव प्रश्न आला. "तिकाय साखर गो," तो म्हणाला, "पंधरा वर्सांची आशिल्ली तेन्नासून." मी भाकरी थापत राहिले. मनात एकच. स्वतःची उतरलेली साखर या माणसाला जन्मात कधी कळली नाही, आणि परक्या बाईची भर बसमध्ये, दोन बाकं पलीकडून कळली. भाकरीला चीर गेली ती मी पाण्याच्या बोटानं बुजवली.

ती टीचर म्हणजे ही विनोदिनी, डिचोलीची. लग्न केलं नव्हतं, किंवा या दुखण्यामुळे झालं नव्हतं. दोन्ही मी ऐकलं होतं आणि दोन्हींनी मला सारखाच त्रास व्हायचा. पेडण्याला भाड्याच्या खोलीत राहायची. गोवा राज्य झालं त्याला दोन वर्षं झाली होती, पण भाषेच्या भांडणाची धग लोकांच्या जिभेवरून पुरती उतरली नव्हती. ती कोंकणीवाली, पणजीला मोर्चात चाललेली. सगुण मराठीवाला, वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून भाषण केलेला. ओळख वाढायला लागली तेव्हा मी या गोष्टीवर फार भिस्त ठेवली होती. म्हटलं, एक दिवस या विषयावर जुंपेल आणि मिटेल. जुंपलीही, आमच्याच पडवीत. सगुण मराठीची बाजू घेऊन तावातावानं आमच्या बोलीत बोलत होता, ती कोंकणीची बाजू घेऊन दाखले देत होती ते मराठी पुस्तकांतले, आणि मी आतून ऐकत होते की आता ती उठेल. तेवढ्यात दोघांनी एकदमच घड्याळाकडे बघितलं. खायची वेळ झाली होती. दोघंही हसले. मी आतून पोहे घेऊन गेले. इतकी वर्षं मी त्याच्या वेळेवर जेवण वाढत आले, पण घड्याळाकडे असं एका वेळी कुणासोबत बघणं मला जमलं नव्हतं. मला भूक लागते तेव्हा नुसती भूक लागते.

मशीन यायच्या आधी रंगाच्या पट्ट्या होत्या; रक्ताचा थेंब टाकला की रंग बदलायचा आणि तो बाटलीवरच्या रंगांशी जुळवून बघायचा. एक पट्टी ब्लेडनं उभी चिरायची, अर्धी तिची अर्धी याची. जनेलाकडे, खिडकीशी, जाऊन उजेडात दोन्ही अर्ध्या शेजारी धरायच्या. हे मला त्यानंच सांगितलं, अगदी सरळ मनानं, आणि त्या सरळपणाचाच मला राग आला. लपवाछपवी असती तर मला भांडता आलं असतं. शेजारच्या रुक्मिणीनं विचारलं की तुझा नवरा रोज टीचरच्या खोलीवर कशाला जातो, तर मी काय सांगणार, एक पट्टी दोघांत वाटून घ्यायला? मशीन आलं आणि अख्खी पट्टी लागायला लागली तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. कारण मशीन आकडे देत होतं आणि आकड्यांना आठवण असते. घरी जेवताना तो म्हणायचा, काल एकशे चाळीस, आज एकशे साठ, विनोदिनीबाय म्हणाली पोहे कमी कर. माझ्या हाताला जे वर्षानुवर्षं कळत होतं त्याला आकडा नव्हता. मी एकदा म्हटलं, आज तुमची साखर कमी वाटते. तो म्हणाला, सकाळीच बघितली, बरी आहे. म्हणजे मी त्याच्या मानेला लावलेला हात नुसता हात झाला. त्यानंतर मी काही वाटलं तरी चारदा विचार करायला लागले. हे मला दिसतंय, की दिसावं असं मला वाटतंय? ती चुकावी, तिचं मशीन चुकावं, ही इच्छा माझ्यात इतकी खोल बसली होती की माझ्या नाकावरही माझा विश्वास राहिला नव्हता.

जेवणानंतर तो पुन्हा बी पिळायला बसला. ऊन पानांतून चटईवर सांडत होतं. धाकूची बोंडं तुडवण्याची चाल संथ, एकसुरी. विनोदिनी मला शाळेतल्या कुणा मुलीची गोष्ट सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. माझं लक्ष सगुणच्या हातांकडे गेलं. बी टोपलीत आणि बोंड ढिगावर असं चाललं होतं; आता बी ढिगावर जात होती आणि बोंड टोपलीत. मी विचारलं, पाणी हवं का. तो काही बोलला नाही. मी विचारलं, सेजलला हॉस्टेलवर आंबे कधी पाठवायचे. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "व्हय, कोपभर दी."

मी उठून त्याच्या मानेला हात लावला. गार. भर उन्हात गार आणि ओली. मी म्हटलं, यांची साखर उतरली. विनोदिनीनं लगेच मशीन काढलं. ती हयगय करणारी बाई नव्हती. पुन्हा बोट, पुन्हा स्पिरिटचा बोळा, टोचणं, थांबणं. धाकू कोळंबीतून हसून म्हणाला, "दादा, हुर्राक कोणें दिलो तुका? माका सोडून?" काजूच्या दिवसांत, भट्टीवर हुर्राकची दारू गळते तेव्हा, झाडाखाली झुलणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. मशीननं दोनशे चाळीस दाखवलं. विनोदिनीनं सुस्कारा सोडला. म्हणाली की बघा, तीनशे बारावरून उतरतेय, म्हणून कसंतरी होत असेल, चांगलंच आहे. मी म्हटलं, नाही, ही तशी नाही. ती म्हणाली, "वयनी, मशीन फट उलयना. दोनशें चाळीस आसा. आतां साखर दिली जाल्यार वायट जातलें." मशीन खोटं बोलत नाही, असं म्हणून ती मला कमी लेखत नव्हती. खरंच काळजीनं सांगत होती. मशीनवर तिचा जीव इतकी वर्षं तरला होता.

आणि सगुण, ज्याला आपण कुठे बसलो आहोत हेही नीट कळत नव्हतं, स्वच्छ आवाजात बोलला. "हिचें पोट दुखता. मशीन आयलें तेन्नासून पोट दुखता हिचें."

धाकूचे पाय थांबले. विनोदिनी खाली बघायला लागली. तिला हे माहीत होतं, हे तिच्या मानेवरून कळलं, म्हणजे याआधी यावर बोलणं झालं होतं, खोलीवर, बोट धरून. माझ्या लेकराच्या बापानं माझं आतलं वस्त्र उचलून झाडाला टांगावं तसं झालं, आणि खोटं तर त्यात काही नव्हतं. दुखत होतंच. आता मी त्याला साखर पाजली आणि ती चढली, तर माझ्या पोटदुखीनं त्याला मारलं असं होईल. नाही पाजली आणि माझं खरं असलं, तर तिच्या मशीननं मारलं असं होईल, आणि मी शेजारी उभी राहून बघितलं असेल. त्या क्षणी, मी खोटं लिहीत नाही, एक बारीक आवाज म्हणाला, बघू दे तिला. तिच्या आकड्यांनी काय होतं ते तिच्या मांडीवर होऊ दे. तो आवाज माझाच होता. दुसऱ्या कुणाचा आणणार? मी सगुणकडे बघत राहिले. त्याच्या डाव्या पापणीखाली एक शीर उडत होती. ओठांचा रंग गेला होता. हे मला का दिसत होतं आणि तिला का नाही? ती आकड्याकडे बघत होती. मी गेली कितीतरी वर्षं याच्याकडे बघत होते, तो घरी आला की कुठून आला, हसला तर कशावर, शर्टाचं कोणतं बटण उघडं. इतकं बारीक तर प्रेम बघत नाही, प्रेम थोडं बघतं आणि डोळे मिटून सुखात पडून राहतं. पापणी न मिटता बघत राहिला तो माझा मत्सर. मग त्याचीच साक्ष का नको? त्याच्याइतकं या माणसाला कुणीच बघितलेलं नव्हतं.

सगुण एका कुशीवर झुकायला लागला. मी करवंटी उचलली, कोळंबीच्या कडेला दाबून ठेवलेल्या चोथ्याखालच्या भांड्यातून नीरो भरून घेतला. विनोदिनीनं माझं मनगट धरलं. "वयनी, नाका," ती म्हणाली. मी तिचा हात बाजूला केला. जोरात केला असावा. नंतर तिच्या हातावर वळ दिसला. मी सगुणची हनुवटी पकडली. तो तोंड फिरवत होता, दात घट्ट धरत होता, मला कुणी परकी समजून ढकलत होता. "पी," मी म्हटलं. "पी रे. उगी राव आनी पी." चारचौघांत मी त्याला पहिल्यांदाच अरे म्हणत होते. पहिला घोट गालावरून गळ्यात गेला, दुसरा त्यानं गिळला. घशाला धरलं असावं, खोकला. मी थांबले, पुन्हा पाजलं. घोटाघोटानं. करवंटी संपली तशी दुसरी भरली. धाकू येऊन त्याला पाठीकडून धरून बसला. विनोदिनी रडत नव्हती. ती मशीन छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे आता त्याच्यावर होते.

मग आधी ओठ आले. रंग ओठांना येतो, मग गालांना, सगळ्यात शेवटी नजरेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, करवंटीकडे बघितलं, आणि विचारलं, "कितें जालें गो?" मी टोपातला तो अर्धा भात पुढे ठेवला. तो खायला लागला. त्याला काहीच आठवत नव्हतं. आपण काय बोललो तेही नाही. ते वाक्य आता आम्हा तिघांकडे राहिलं, आणि धाकू बोंडांकडे परत गेला तो इतक्या घाईनं की त्याला ते टाकून द्यायचं आहे हे कळत होतं.

विनोदिनीला मात्र ते मशीन गप्प बसू देत नव्हतं. ती म्हणाली की साखर उतरलेलीच होती, हे आता डोळ्यांनी बघितलं. मग दोनशे चाळीस कुणाची? मशीन बिघडलं असेल तर ती स्वतः सकाळपासून कुठल्या आकड्यावर सुई टोचून घेते आहे? ती पांढरी पडली होती. तिच्या भीतीकडे मी पहिल्यांदाच बघत होते. तिला झोपेत उतरली तर खोलीत कोण होतं? हा विचार मला आला आणि आवडला नाही; दया आली की भांडण अर्ध्यावर सोडावं लागतं. ती म्हणाली, निरोगी माणसावर बघायला हवं. "वयनी, बोट दियात."

मी हात पुढे केला. तिनं माझं मधलं बोट धरलं, पुसलं, टोचलं. तिची बोटं गार आणि मऊ होती, अगदी सावध. थेंब गेला, पट्टी गेली, आणि थांबायच्या वेळात तिनं बोट सोडलं नाही. म्हणजे ती सगळ्यांचंच धरते. इतके महिने मी जे चघळत होते ते हे, आणि त्याची चव एका क्षणात गेली. मग तिनं आकडा बघितला आणि मोठ्यानं वाचला नाही. सगुणनं भाताचा घास तसाच धरून मान लांब केली. त्यानं वाचला. "तीनशें चाळीस."

विनोदिनीनं हळूच विचारलं की हल्ली फार तहान लागते का. मी म्हटलं, लागते. एप्रिलात कुणाला लागत नाही? रात्री उठावं लागतं का. मी म्हटलं, कधी कधी. सगुणनं घास पानात ठेवला आणि उष्टा हात तसाच, माझ्या गुडघ्यावर ठेवला. "भियेनाका," तो म्हणाला. "पद्मा, भियेनाका. हांव आसां. आमी आसां." बसमधल्या त्या टीचरकडे त्यानं ज्या डोळ्यांनी बघितलं असेल त्या डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता. विनोदिनी चटईवर सरकून माझ्या जवळ बसली आणि मला सांगायला लागली की सुरुवातीला वाईट वाटतं, मग सवय होते, आपण तिघं मिळून बघू. तिघं. आणि मी, जिनं दहा-बारा वर्षं या रोगाच्या नावानं नवस केले, उपास केले, त्या मला, लाज वाटते, पण आनंद झाला. पोटातून, कळशी भरताना पाणी काठाला येतं तसा वर आला. आता माझंही बोट. आता घड्याळाकडे एकदम बघताना मीही बघणार. पुढचं काहीच माझ्या मनात आलं नाही, डोळे जातात, पाय जातात, काही नाही. मी त्या दोघांच्या मध्ये, ऊबेत, बसून राहिले.

विनोदिनी हातातला बोळा टाकायला गेली आणि तो तिच्या बोटांना चिकटला. तिनं झटकला, तरी चिकटला. तिनं बोटं नाकाशी नेली, मग जिभेच्या टोकाला लावली, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं माझे हात उलटे केले, सगुणचे हात उलटे केले. आमच्या दोघांच्या बोटांवर सकाळपासूनच्या बोंडांचा रस वाळून चकाकत होता. "नीरो," ती म्हणाली. "रगत न्हय, नीरो मेजलो आमी." तीनशे बारा तो नीरो होता, दोनशे चाळीस तो नीरो होता. स्पिरिटनं तो गेला नव्हता, नुसता पसरला होता. तिच्या खोलीवर याचे हात कचेरीत जाणाऱ्या माणसाचे असायचे. बागेतले हात मशीननं आजच पाहिले होते. तिनं मला कळशीकडे नेलं, साबणानं माझं एकेक बोट चोळून धुतलं, पदरानं टिपलं, आणि पुन्हा टोचलं.

या वेळी तिघांनीही वाकून बघितलं. अठ्ठ्याऐंशी.

मला वाटलं होतं, ती दोघं हसतील, सुटलीस म्हणतील. सगुण म्हणाला, "बरें जालें." विनोदिनीही म्हणाली. पण आकडा पुसला जात नव्हता, तो तिथं त्या लहान काचेत उभा होता, आणि दोघांची नजर त्यावरून निघत नव्हती. अर्धा टोप भात, दोन आंबे, सकाळचा गोड चहा, सगळं खाऊन अठ्ठ्याऐंशी. न मोजता, न टोचता. पंधराव्या वर्षापासून ती बाई या आकड्यामागे धावत होती. माझा नवरा त्यासाठी रोज कमरेत सुई घेत होता. आणि मी तो काही न करता, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या, जन्मभर अंगात घेऊन फिरत होते. सगुणचा हात माझ्या गुडघ्यावरून केव्हा उठला होता कोण जाणे. विनोदिनीचा ओठ किंचित दुमडला होता. त्या दोन चेहऱ्यांवर जे होतं ते ओळखायला मला मशीन नको होतं. पेडणे तालुक्यात ते माझ्याइतकं कुणालाच ओळखता येत नसेल.

मी बोट तोंडात घालून रक्त चोखलं, हात पदराखाली घेतला. "यंत्र तें," मी म्हटलं. "ताचें कितें मनार घेतात." आणि काच दिसू नये म्हणून मशीन चटईवर पालथं ठेवलं.